ध्येयवाद पुरे, ग्रंथपालाला वेतन द्या!



दरवर्षी १२ ऑगस्टला डॉ. एस. आर. रंगनाथन यांची जयंती 'राष्ट्रीय ग्रंथपाल दिन' म्हणून साजरी होते. फोटोला हार घातला जातो, गावातल्या ग्रंथपालाला शाल आणि नारळ दिला जातो. कुणीतरी पुढारी येऊन 'ग्रंथपाल हा समाजाचा दीपस्तंभ आहे' असं भाषण ठोकतो. दुसऱ्या दिवशी सकाळी हाच दीपस्तंभ झाडू घेऊन वाचनालय झाडत असतो, कारण शिपायाचे पैसे अनुदानात बसत नाहीत.

मागच्या महिन्यात आमच्या अभ्यासवर्गाला एक ताई आल्या होत्या. मुक्त विद्यापीठातून त्यांनी बी.लिब. केलेलं. नऊ वर्षं एका खेड्यातल्या 'ड' वर्ग वाचनालयात ग्रंथपाल. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास वाचनालय, मधल्या वेळेत शिलाई मशीन. चर्चा 'तरुणांचं करिअर' या विषयावर चालली होती. त्यांनी हात वर केला आणि विचारलं, "दादा, मी पुढं काय करू? एम.लिब. करू, का हे सोडून शिलाईचंच दुकान टाकू?"

आमच्यातल्याच एका कार्यकर्त्याने उत्साहाने उत्तर दिलं, "ताई, पगाराकडं बघू नका. बाबासाहेबांनी पुस्तकांसाठी राजगृह बांधलं. तुम्ही त्यांचंच काम करताय."

ताई शांतपणे म्हणाल्या, "बाबासाहेबांनी पुस्तकांसाठी घर बांधलं, बरोबर आहे. पण पुस्तकं माझ्या घराचं भाडं भरत नाहीत ना दादा."

वर्ग गप्प झाला. आम्हीही गप्प झालो. त्या गप्प बसण्याची लाज वाटली म्हणून हा लेख.

आधी आकडे बघू

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ साली झाला. या कायद्याखाली गावोगावची बहुसंख्य वाचनालयं सरकार स्वतः चालवत नाही. नोंदणीकृत संस्था ती चालवतात आणि सरकार अ, ब, क, ड अशा वर्गवारीप्रमाणे अनुदान देतं. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये मंत्रिमंडळाने या अनुदानात ६० टक्के वाढ केली, तेव्हा मोठा गाजावाजा झाला. त्या वाढीने 'ड' वर्गाचं वार्षिक अनुदान ३० हजारांवरून ४८ हजारांवर गेलं. त्यातला निम्मा भाग वेतनाचा धरला तर वर्षाला २४ हजार, म्हणजे महिन्याला २ हजार रुपये. त्यावर उद्या आणखी पन्नास टक्के चढवले तरी आकडा ३ हजारांच्या पुढे सरकत नाही.

२०२४-२५ साली रोजगार हमीचा महाराष्ट्रातला दर दिवसाला २९७ रुपये होता. म्हणजे गावातला मजूर सात दिवस माती वाहून जेवढे कमावतो, तेवढ्यात गावाची ग्रंथपाल महिनाभर राबते. माती वाहणं हलकं काम आहे असं आम्ही म्हणत नाही. त्या मजुराला निदान दर मागता येतो, कारण त्याच्या दरामागे कायदा आहे.

याच शास्त्राची पदवी घेऊन नेट-सेट झालेला माणूस अनुदानित महाविद्यालयात नियमित ग्रंथपाल झाला, तर सातव्या वेतन आयोगाप्रमाणे त्याचं सुरुवातीचं मूळ वेतनच ५७,७०० रुपये असतं. तोही पुस्तकं देतो, हीही पुस्तकं देते. त्याच्या वाचकांनी बारावीची पायरी ओलांडलेली असते. हिच्या वाचकांमध्ये पाचवीतली पोरं असतात, शेतमजूर बाया असतात, भरतीची तयारी करणारे बेरोजगार असतात. ज्याला पुस्तकाची गरज सगळ्यात जास्त, त्याच्या ग्रंथपालाला मोल सगळ्यात कमी! हा योगायोग आहे काय?

मान द्यायचा, दाम नाही

आम्ही समाजशास्त्राचे विद्यार्थी. 'सेवा' हा शब्द ऐकला की आम्ही आधी विचारतो, कोणाकडून, कोणाची आणि किती पैशात?

महार वतन आठवा. गावकामगार महार हा 'वतनदार' होता. नाव केवढं भारदस्त! काम मात्र चोवीस तासांचं. सरकारी टपाल पोचवायचं, अधिकाऱ्यामागे धावायचं, रात्री-अपरात्री हाक आली की हजर व्हायचं. मोबदला म्हणजे जमिनीचा तुकडा आणि गावाच्या मर्जीवरचं बलुतं. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं, ते याच 'माना'च्या विरोधात. काम असेल तर त्याचा ठरलेला मोबदला हवा, मर्जी नको, हा त्यांचा मुद्दा होता. वतन सोडायला आपलेही काही लोक तयार नव्हते, कारण त्यांना तो मान वाटत होता.

आजच्या गावच्या ग्रंथपालाची अवस्था यापेक्षा किती वेगळी आहे? ती सरकारी कर्मचारी नाही. तिची नेमणूक संस्थेच्या कार्यकारिणीच्या हातात. अनुदान हप्त्याने येतं, तेव्हा पगार होतो. ताईंनी सांगितलं की त्या सही एका आकड्यावर करतात आणि हातात दुसरा आकडा येतो. विचारलं तर उत्तर ठरलेलं : "हे नोकरीसाठी नसतं, आवड म्हणून करायचं असतं." तुमच्या तालुक्यातल्या जुन्या वाचनालयांच्या कार्यकारिणीची यादी काढा. आडनावं वाचा. कोण ठरवतं आणि कोण राबतं ते पाच मिनिटांत कळेल.

म्हणून 'ध्येयवाद' या शब्दाबद्दल आम्हाला शंका आहे. ज्याचं पोट भरलेलं आहे त्याने ध्येयवादी जरूर असावं. पण दुसऱ्याचं वेतन वाचवण्यासाठी त्याला ध्येयवाद शिकवणं ही लबाडी आहे. आणि ती लबाडी बाबासाहेबांचं नाव घेऊन कोणी करत असेल, तर तो आपला असला तरी त्याला थांबवलं पाहिजे.

'सरकारला हे परवडत नाही'?

यावर हमखास ऐकू येणारा युक्तिवाद असा की एवढ्या वाचनालयांना पूर्ण पगार देणं कोणत्या सरकारला जमेल? इतिहास बघा. सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथालयतज्ज्ञाला बोलावलं आणि बडोदा संस्थानात खेड्यापर्यंत पोचणारी मोफत ग्रंथालय व्यवस्था उभी केली. त्याच सयाजीरावांची शिष्यवृत्ती घेऊन १९१३ साली एक तरुण कोलंबिया विद्यापीठात गेला. पुढे तो ग्रंथांवर किती जीव लावून बसला हे तुम्हाला सांगायला नको. भारतातला पहिला सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९४५ साली झाला तो कोल्हापूर संस्थानात, म्हणजे आपल्याच मातीत.

मद्रासने १९४८ साली कायदा केला, त्यामागे रंगनाथन होते. त्या कायद्यात मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर आहे. कर्नाटकाच्या १९६५ च्या कायद्यातही उपकर आहे आणि ग्रंथालयांसाठी सरकारचं स्वतंत्र खातं आहे. महाराष्ट्राच्या १९६७ च्या कायद्यात उपकरच नाही. म्हणजे ग्रंथालयाला स्वतःचा हक्काचा पैसा नाही. दरवर्षी सरकारच्या दारात उभं राहायचं आणि मिळेल ते घ्यायचं. परवडत नाही असं नाही. इथल्या राज्यकर्त्यांनी ते आपलं काम आहे असं कधी मानलंच नाही. फुले-शाहू-आंबेडकरांचं नाव घेणाऱ्या सरकारांनीही नाही.

'मोबाईलच्या जमान्यात ग्रंथपाल कशाला?'

हा दुसरा प्रश्न. आपले सुशिक्षित तरुणच तो विचारतात, म्हणून नीट उत्तर देऊ.

ग्रंथपाल पुस्तकांचं वर्गीकरण करतो. वर्गीकरण या शब्दाने आपल्या माणसाचे कान टवकारले पाहिजेत. कोण कुठे बसणार, कोण कोणाच्या खाली जाणार, हे ठरवण्याची ती सत्ता आहे. जगभर वापरली जाणारी दशांश वर्गीकरण पद्धत मेल्विल ड्युई याने १८७६ साली काढली. त्यात धर्माला २०० ते २९९ हे आकडे आहेत. त्यातले २२० पासून २८९ पर्यंतचे आकडे परंपरेने ख्रिस्ती धर्मासाठी. उरलेल्या जगाचे सगळे धर्म २९० मध्ये कोंबलेले. बौद्ध धम्माला जागा मिळाली २९४.३, दशांश चिन्हाच्या पलीकडे! हा ड्युई ज्या क्लबचा संस्थापक होता तिथे ज्यू आणि कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. अमेरिकन ग्रंथपालांच्या संघटनेने २०१९ साली आपल्या मानाच्या पदकावरून त्याचं नाव काढून टाकलं. तिथल्या ग्रंथपालांनीच हा प्रश्न लावून धरला होता.

आता आपल्या वाचनालयात जा. आपल्या आत्मकथा कुठल्या कपाटात आहेत? 'साहित्य' या पाटीखाली की 'दलित साहित्य' अशी वेगळी चिठ्ठी लावून कोपऱ्यात? 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' कुठे ठेवलाय? 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर रायटिंग्ज अँड स्पीचेस'चे खंड आहेत की नाहीत? हे खंड १९७९ पासून महाराष्ट्र शासन छापतं. वसंत मून यांनी ती हस्तलिखितं जपली, लावली, संपादित केली म्हणून ते आपल्यापर्यंत आले. २०२१ साली याच प्रकल्पाची छपाई रखडल्याची दखल मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून घ्यावी लागली. मोबाईलवर काय आहे आणि काय नाही हे ज्याला कळतं, खोटं अवतरण आणि खरं अवतरण ज्याला वेगळं करता येतं, तो माणूस आज आपल्याला पूर्वीपेक्षा जास्त लागतो. व्हॉट्सअॅपवर बाबासाहेबांच्या नावाने रोज काय काय फिरतं ते बघा, म्हणजे पटेल.

आपलीही कानउघाडणी

सरकारला झोडून आम्ही मोकळे होणार नाही. आपल्या वस्तीत कलेक्टर झालेल्याची मिरवणूक निघते, पीएसआय झालेल्याचं बॅनर लागतं. बी.लिब. झालेल्या मुलीला आपण विचारतो, "मग सरकारी नोकरी कधी?" विहारात दानात आलेली पुस्तकं कपाटात कुलूपबंद आहेत. किल्ली अध्यक्षांकडे आणि अध्यक्ष गावाला! जिथे कपाट उघडं आहे तिथे यादी नाही. अभ्यासिका आपण काढल्या, चांगलं केलं, पण तिथे स्पर्धा परीक्षेच्या गाईडांपलीकडे काय आहे? जयंतीच्या डीजेला हजारोंची वर्गणी सहज निघते, मग त्याच वस्तीतल्या शिकलेल्या ग्रंथपालाला महिन्याचं मानधन द्यायला हात का आखडतो?

मग ताईंनी काय करावं?

आम्ही ताईंना जे सांगितलं ते इथे मांडतो.

एक. पुढे जायची इच्छा धरणं म्हणजे चळवळीशी गद्दारी नाही. एम.लिब. करा, सेट-नेट द्या. महाविद्यालयातली पदभरती वर्षानुवर्षं रखडते हे खरं आहे. पण जागा निघेल त्या दिवशी आपल्या माणसाकडे पात्रता नाही, असं होता कामा नये.

दोन. संगणकाचं काम शिका. 'कोहा' ही प्रणाली मोफत आहे. एनआयसीची 'ई-ग्रंथालय' प्रणाली सरकारी ग्रंथालयांत वापरली जाते. यातली एक नीट आली तरी शाळा, महाविद्यालय, संशोधन संस्था अशी दारं उघडतात.

तीन. आपल्या इतिहासाची कागदपत्रं सांभाळायला शिका. घराघरांत जुनी पत्रकं, जलशांच्या वह्या, 'जनता' आणि 'प्रबुद्ध भारत'चे अंक वाळवी खातेय. १९१७ साली बाबासाहेबांची पुस्तकं घेऊन येणारी बोट पाणबुडीने बुडवली. तो घाव शत्रूच्या पाणतीराचा होता. आपल्या माळ्यावरची वाळवी कोणाच्या नावावर टाकणार?

चार. एकट्याने काही होणार नाही. आपल्या तालुक्यातल्या ग्रंथालय कर्मचाऱ्यांना गाठा, संघटनेत जा, सहीचा आकडा आणि हातातला आकडा एक झाला पाहिजे ही पहिली मागणी लावा.

आणि आमच्या मागण्या सरळ आहेत. ग्रंथपालाचं वेतन थेट तिच्या बँक खात्यात जमा करा. किमान वेतनाच्या खाली एकही ग्रंथपाल ठेवू नका. कायद्यात ग्रंथालय उपकराची तरतूद करा. सेवाशर्ती आणि नेमणुकांचे नियम सरकारने ठरवावेत, कार्यकारिणीच्या मर्जीने नव्हे.

आपल्या मंडळांसाठीही एक मागणी : येत्या १४ एप्रिलच्या वर्गणीतल्या दर शंभर रुपयांमागे दहा रुपये विहारातल्या वाचनालयासाठी वेगळे काढा आणि त्यातून वस्तीतल्या शिकलेल्या मुलीला किंवा मुलाला ठरलेलं मानधन द्या. ठराव लिहून घ्या, हिशोब फलकावर लावा. आमच्या वस्तीत आम्ही हा ठराव या महिन्याच्या बैठकीत मांडतो आहोत. विरोध होईल, डीजेवाले रागावतील. होऊ द्या.

ताईंनी एम.लिब.चा अर्ज भरला आहे. शिलाई मशीनही सुरूच आहे. वाचनालय सोडायचं की नाही हे त्यांनी अजून ठरवलेलं नाही, आणि ते ठरवण्याचा हक्क त्यांचाच आहे. त्यांनी सोडलं तर त्यांना बोल लावायचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही. त्या थांबाव्यात असं वाटत असेल, तर शाल-नारळ घेऊन जाऊ नका. वेतनाचा ठराव घेऊन जा.

जयभीम! नमो बुद्धाय!