बसलं म्हणजे जुळलं नाही

सायकलचा पुढचा गिअर नीट पडत नाही म्हटलं की आपल्याकडे पहिला हात स्क्रू-ड्रायव्हरकडे जातो. डिरेलरवरचे दोन स्क्रू थोडे इकडे, थोडे तिकडे. ‘आता बघा.’ दोन दिवस बरं चालतं, तिसऱ्या दिवशी चेन पुन्हा खाली. ही दुरुस्ती नव्हे, हा नवस आहे. आणि हा नवस मीही केलाय, इंजिनिअरिंगची डिग्री खिशात ठेवून.

माझी चुलतबहीण वस्तीवरून न्हावऱ्यात शाळेला जाते. तिच्या जुन्या गिअरच्या सायकलला पुढे 42-34-24 दात्यांची तीन चेनव्हीलं होती. दाते झिजले म्हणून मी पुण्याहून 48-38-28 चा क्रँकसेट नेला. क्रँकचं भोक चौकोनी, एक्सलचं टोक चौकोनी. ठोकला, बोल्ट आवळला, बसला. मी खूश.

“दादा, मोठ्यावर चेन जातच नाही,” ती म्हणाली. मी बाहेरचा स्क्रू पूर्ण सैल केला आणि पुण्याला निघून आलो. आठवड्याने शिरूर-चौफुला रस्त्यावर तिने गिअर खाली घेतला, चेन आतल्या बाजूला फ्रेमशी जाऊन अडकली आणि पाय सटकला. मागे उसाची ट्रॉली होती. ट्रॅक्टरवाल्याने वेळीच ब्रेक मारला, म्हणून गुडघ्यावर निभावलं. पण सायकल बंद झाली. काकांना वेळ असेल तेव्हा ते मोटारसायकलवर सोडायचे, नसेल तेव्हा शाळा बुडायची. मी काय केलं? गावातल्या सायकलवाल्याला दोष दिला. ‘त्याला गिअरचं काय कळतंय?’

पुढच्या शनिवारी व्हर्निअर कॅलिपर घेऊन बसलो, तेव्हा कळलं की कळत मलाच नव्हतं.

जुना एक्सल 122.5 मिलिमीटर लांब होता. नव्या क्रँकला 113 चा लागत होता. फरक साडेनऊ, म्हणजे एका बाजूला साधारण पावणेपाच मिलिमीटर. तिन्ही चेनव्हीलं तेवढी बाहेर सरकली होती. डिरेलरची धाव संपली तरी मोठं चेनव्हील पुढेच राहत होतं. उलट, आतला स्क्रू जुन्याच जागी असल्यामुळे पिंजरा लहान चेनव्हीलच्याही आत जाऊन चेन फ्रेमवर टाकत होता. आतला स्क्रू आवळून चेन पडणं थांबलं असतं. पण मोठ्या चेनव्हीलपर्यंत पोहोचणं कुठल्याच स्क्रूच्या हातात नव्हतं, कारण हे स्क्रू डिरेलरला ओढत नाहीत, फक्त थांबवतात.

शिवाय पिंजऱ्याचा बाक मोठ्या चेनव्हीलच्या गोलाईला धरून असतो. त्याची बाहेरची पट्टी मोठ्या चेनव्हीलच्या दात्यांवर 1 ते 3 मिलिमीटर हवी. 42 वरून 48 वर गेलं की चेनव्हीलची त्रिज्या सुमारे 12 मिलिमीटरने वाढते. पिंजरा वर सरकवता येतो, त्याचा बाक बदलता येत नाही.

मग आपण ‘बसतंय ना, मग चालेल’ हे शिकलो कुठे? काळ्या सायकलवर. तिथे ते खरंही होतं. चेन एकच, एकाच सरळ रेषेत. तिला बाजूला ढकलणारं कोणी नाही. चेनव्हील दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे झालं तरी आजोबा शिरूरच्या बाजाराला जाऊन येत. गिअरच्या सायकलमध्ये तीच चेन चालत्या चाकावर आडवी ढकलायची असते. साध्या चेनची आतली रुंदी 1/8 इंच, गिअरच्या चेनची 3/32. एवढ्याशा जागेत ‘चालेल’ चालत नाही. कोड कंपाइल झाला म्हणजे बरोबर चालला असं मी ऑफिसात म्हणालो तर लोक हसतील. सायकलला मात्र तेच म्हणालो.

यावर शहरातले जाणकार सांगतात, ‘सगळं एकाच कंपनीचं, एकाच सेटचं घ्या.’ हेही मला मान्य नाही. वस्तीवरच्या जुन्या सायकलला तो सेट सायकलपेक्षा महाग पडतो. आणि गरजही नसते. अमेरिकेतले शेल्डन ब्राउन 2008 मध्ये गेले. तोवर ते वेगवेगळ्या कंपन्यांचे भाग मापं पाहून कसे जुळवायचे, हेच वर्षानुवर्षं लिहीत होते. सरमिसळ चालते. न मोजता केलेली चालत नाही. ज्याला आपण कौतुकाने जुगाड म्हणतो, तो निम्म्या वेळा मोजायचा आळस असतो.

पण सगळा आळस आपल्या माथी का? मी आणलेल्या खोक्यावर दात्यांचे आकडे होते, रंग होता, चकचकीत फोटो होता. एक्सल किती लांब हवा, चेनलाइन किती, पिंजरा किती दात्यांचा लागेल, यातलं काहीही नव्हतं. दहा रुपयांच्या बिस्किटपुड्यावर साखर किती ते छापतात. पोरीचा जीव ज्यावर चालतो त्या भागाच्या खोक्यावर तीन आकडे छापायला जागा नाही? गावातल्या सायकलवाल्याला अडाणी म्हणणं सोपं आहे. त्याच्या हातात माप न देता भाग दिला जातो, हे कुणी बोलत नाही.

113 चा एक्सल आणि 48 दात्यांचा डिरेलर त्याच्याच दुकानात बसवला. काम त्याने केलं, मी आकडे सांगितले आणि आधी माफी मागितली. तो एवढंच म्हणाला, “आधी माप आणलं असतं तर पोरगी पडली नसती.”

बहीण पुन्हा सायकलने जाते. तुम्ही पुढच्या वेळी दुकानात गेलात की ‘बसेल का?’ विचारू नका. ‘किती मिलिमीटर?’ विचारा. उत्तर मिळालं नाही, तर तो भाग तिथेच ठेवा.