मोजणी कोण करणार?

२१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातल्या २२ गावांत एक आगळे मतदान झाले. ना उमेदवार, ना पक्ष. प्रश्न एकच होता: महामुंबई सेझसाठी तुमची जमीन द्यायची की नाही? ही गावे हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातली. धरणाचे पाणी शेताला मिळेल म्हणून लोक वाट पाहत होते आणि पाण्याच्या आधी आली ती भूसंपादनाची नोटीस. प्रा. एन. डी. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे सरकारला त्यांचे मत विचारावे लागले. कौल मोठ्या प्रमाणावर विरोधात गेल्याचे वर्तमानपत्रांनी छापले. सरकारने मात्र निकाल अधिकृतपणे जाहीर केला नाही. पुढे संपादनाची मुदत संपली आणि सेझ बारगळला. पण मतपेटीत काय होते ते सरकारच्या तोंडून कोणी ऐकले नाही.

पेणची ही गोष्ट मला आठवली ती अमेरिकेतल्या अटलांटा शहरामुळे. तिथे शहरालगतच्या जंगलात ८५ एकरांवर पोलीस प्रशिक्षण केंद्र उभारायचे ठरले. विरोधकांनी त्याला ‘कॉप सिटी’ असे नाव दिले. सप्टेंबर २०२१ मध्ये नगरपरिषदेसमोर तब्बल १७ तास नागरिकांची मते ऐकवली गेली. त्यातली बहुतेक विरोधात होती, तरी ठराव मंजूर झाला. जानेवारी २०२३ मध्ये जंगलात तळ ठोकून बसलेला एक तरुण आंदोलक पोलिसांच्या गोळीबारात ठार झाला. शवविच्छेदनात त्याच्या अंगावर ५७ गोळ्यांच्या जखमा आढळल्या. एक पोलीसही जखमी झाला होता. त्याच वर्षी ६१ जणांवर संघटित गुन्हेगारीच्या कायद्याखाली खटला भरला गेला. लोकांनी सार्वमतासाठी एक लाख सोळा हजारांहून अधिक सह्या गोळा करून महापालिकेत नेऊन दिल्या, तर न्यायालयीन वादाचे कारण पुढे करून महापालिकेने त्या तपासायलाच नकार दिला. २०२५ मध्ये केंद्राचे उद्घाटनही झाले.

पेणला मते घेतली, निकाल सांगितला नाही. अटलांटात सह्या घेतल्या, मोजल्या नाहीत. सत्तेला प्रश्न विचारायला फारसे जड जात नाही, जड जाते ते उत्तर ऐकणे.

यावर कोणी म्हणेल, पोलिसांना प्रशिक्षण नको का? हवेच. मी तर म्हणेन, मुसलमान नागरिकाला ते इतरांपेक्षा जास्तच हवे. १९९२-९३ च्या मुंबई दंगलीत पोलिसांच्या वागण्यात पक्षपात होता, हे न्या. श्रीकृष्ण आयोगाने नोंदवून ठेवले आहे. तो पक्षपात घालवायचा तर शिकवावेच लागेल. २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यात लाठी घेऊन कसाबला भिडलेले तुकाराम ओंबळे आठवले, की पोलिसांना चांगली साधने आणि तयारी मिळावी असे कोणालाही वाटेल. पण हे सगळे शिकवायला जंगलच कशाला लागते? आणि लागत असेलच, तर तिथे राहणाऱ्याला आधी विचारायला काय हरकत आहे?

आपल्याकडेही हे घडले आहे. त्या हल्ल्यानंतर राज्याने ‘फोर्स वन’ हे कमांडो दल उभे केले आणि त्याच्या प्रशिक्षणासाठी गोरेगावच्या आरे वसाहतीतली जमीन दिली. तिथल्या आदिवासी पाड्यांनी हरकत घेतली. मुंबईच्या सुरक्षेपुढे पाड्याचे म्हणणे कोणाच्या कानावर जाणार? सुरक्षा हा शब्द असा आहे की तो उच्चारला की समोरचा माणूस आपोआप संशयित ठरतो.

कायदा काय म्हणतो तेही पाहू. २००६ च्या वनहक्क कायद्यात शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रस्ता अशा १३ सुविधांसाठी वनजमीन देण्याची तरतूद आहे. मर्यादा प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी, आणि ग्रामसभेची शिफारस हवीच. म्हणजे अंगणवाडीसाठीसुद्धा गावाला विचारायचे. मात्र २०२३ च्या वनसंरक्षण दुरुस्तीने, सरकारच्या अटींवर, दहा हेक्टरपर्यंतच्या सुरक्षाविषयक बांधकामांना त्या कायद्याच्या कक्षेबाहेर काढण्याची वाट मोकळी केली. अंगणवाडीला गुंठे मोजून, सुरक्षेला हेक्टर सोडून.

रायगडच्या माणसाला पोलीस आणि जंगल यांची गाठ नवी नाही. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला आणि आठ जण हुतात्मा झाले. त्या वेळी राज्य परक्यांचे होते. आज आपले आहे, म्हणून विचारण्याची जबाबदारी कमी होत नाही, उलट वाढते. पेण आणि रोह्याच्या डोंगरातल्या कातकरी वाड्या आजही वनहक्काच्या दाव्यांसाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवत आहेत. रोहा-मुरूडच्या गावांत औषधनिर्मिती उद्योगांच्या पार्कसाठी जमिनी घ्यायला निघाल्यावर गावकऱ्यांना पुन्हा उभे राहावे लागले. प्रकल्पाचे नाव बदलते, कधी सेझ, कधी पार्क, उद्या प्रशिक्षण केंद्र. विचारण्याची पद्धत मात्र तीच.

आता थोडे आपल्या घरातले. कोकणातल्या आपल्या मोहल्ल्यांत ग्रामसभेला किती जण जातात? कर्ता पुरुष आखातात किंवा मुंबईत, सातबारा अजून आजोबांच्या नावावर, आणि घरच्या बायकांना कोणी ‘चला’ म्हणत नाही. मग गावाचा निर्णय आपल्या गैरहजेरीत होतो आणि आपण नंतर चहाच्या टपरीवर हळहळतो. डोंगरातली वाडी आणि खाडीकाठचा मोहल्ला यांना जोडणारा एकच धागा आहे, तो म्हणजे ग्रामसभेचा ठराव. कातकऱ्याच्या जंगलासाठी हात वर करताना आपण त्याच्यावर उपकार करत नाही. उद्या आपल्या शेताची पाळी आली, तर तेच हात आपल्यासाठी वर व्हायचे आहेत.

म्हणून २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, जी ग्रामसभा आधी येईल तिला जा. आई, बहीण, बायको यांनाही न्या. ठराव वहीत लिहून घ्या, हजर असलेल्यांची संख्या लिहून घ्या, आणि नक्कल मागून घरी ठेवा. सरकार मोजणार नसेल, तर आपली मोजणी आपल्याकडे असू द्या.