छेत्री ग्रेटच, पण पोरांचं काय?

सुनील छेत्रीबद्दल आदर आहेच. जून 2024 ला तो निवृत्त झाला. मार्च 2025 मध्ये प्रशिक्षक मानोलो मार्केझनी 40 वर्षांच्या छेत्रीला परत बोलावलं. मालदीवविरुद्ध गोल झाला, टाळ्या पडल्या. सहाच दिवसांनी बांगलादेशाशी 0-0! ऑक्टोबरात मडगावला सिंगापूरकडून 1-2 हरलो, 2027 चा आशियाई चषक हुकला.

दोष छेत्रीचा नाही. क्लब गोल मारायला परदेशी आणतात, देश निवृत्ताला आणतो. मग आपल्या पोरांनी अनुभव घ्यायचा कुठं? आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 चा सतरा वर्षांखालील विश्वचषक खेळला. अशा फॉरवर्डना सीनियर टीममध्ये सलग मॅच मिळाल्या का?

हरायचंच होतं, तर पोरांना घेऊन हरायचं. निदान पुढची टीम तरी घडली असती!