बदलून बघू!

"अरे, बॅलन्सिंग करून बघ एकदा."

गाडी थरथरते असं कोणापुढे म्हणून बघा. समोरचा माणूस गाडी कुठली, थरथर कधी होते, किती वेगाला होते, काही विचारणार नाही. बॅलन्सिंग! ते करून झालं की अलाइनमेंट. तेही झालं की "टायरच बदल ना". मग इंजिनचे माउंटिंग, मग शाफ्ट. यादी पाठ असते, आणि यादी संपेपर्यंत एक तर पैसे संपतात किंवा मालकाला त्या थरथरीची सवय होते.

या "बदलून बघू" पंथावर बरेच दिवस लिहायचं मनात होतं. टाळत होतो, कारण मी स्वतः त्या पंथाचा जुना सभासद आहे. पण गेल्या मोसमात जे झालं त्यानंतर गप्प बसवेना.

तर झालं असं. मी नागोयाजवळ नोकरी करतो. इथेच आमचा एक कोल्हापूरचा मित्र आहे, त्याला आपण भाऊ म्हणू. भाऊला ड्रिफ्टिंगचं वेड. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मागची चाकं मुद्दाम घसरवत, गाडी आडवी ठेवून वळण काढायचं आणि पुढची चाकं वळणाच्या उलट दिशेला वळवून ती सावरत न्यायची. २००६ साली 'टोक्यो ड्रिफ्ट' आला आणि हे जगभर झालं, पण जपानात त्याच्या कितीतरी आधीपासून होतं. कुनिमित्सु ताकाहाशी सत्तरच्या दशकात रेसमध्ये अशी वळणं काढत. ते बघून केइची त्सुचियांनी ही कला डोंगरातल्या घाटांमध्ये घोटली, आणि २००१ पासून तर डी-वन ग्रांप्री नावाची रीतसर स्पर्धाच होते.) भाऊ हे फक्त ट्रॅकवर, पैसे भरून, हेल्मेट घालून करतो. रस्त्यावर करणाऱ्यांबद्दल मला काही सहानुभूती नाही, त्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

भाऊची गाडी निसान सिल्व्हिया, एस१४. दोन लिटरचं टर्बो इंजिन, ताकद मागच्या चाकांना. ही गाडी थरथरायला लागली. हायवेवर काही नाही, सरळ पट्ट्यात काही नाही. ट्रॅकवर लांब उजव्या वळणात गाडी आडवी झाली की खालून थडथड सुरू, वळण संपलं की गायब.

मग यादी सुरू झाली. मागच्या चाकांचं बॅलन्सिंग दोनदा झालं. मागचे टायर नवे आले (ते तसेही ड्रिफ्टमध्ये दिवसाला जोडी खातातच). गिअरबॉक्सचं माउंटिंग बदललं. त्यानंतर प्रोपेलर शाफ्ट काढून बॅलन्स करून आणला. हा शेवटचा सल्ला माझा होता, हे इथेच कबूल करतो. शाफ्ट आल्यावर भाऊ म्हणाला, "जरा कमी वाटतंय की." आम्ही खूश. पुढच्या रविवारी थडथड होतीच.

आता यात चुकलं काय? बदललेल्या गोष्टींपैकी एकही मूर्खपणाची नव्हती. ड्रिफ्टच्या गाडीत मागच्या चाकाला थरथर यायला शंभर कारणं असतात. वितळलेल्या रबराचे गोळे रिमच्या आतल्या बाजूला चिकटतात आणि बॅलन्स जातो. हँडब्रेक ओढून चाक लॉक केलं की टायर एका जागी घासून सपाट होतो. गाडी खाली बसवल्यामुळे शाफ्टच्या जॉइंटचे कोन बदलतात. सगळं खरं. पण ही कारणं *असू शकतात* एवढंच आम्हाला माहीत होतं. *या* गाडीत काय आहे, हे शोधायला आम्ही सुरुवातही केली नव्हती. आम्ही चाललो होतो खरेदीला, आणि तिला निदान म्हणत होतो.

सगळ्यात मोठी गंमत म्हणजे आम्ही सगळे मागे बघत होतो. का? तर धूर मागून येतो म्हणून!

नंतर एक दिवस मी भाऊच्या शेजारी बसलो. जपानात स्टिअरिंग आपल्यासारखंच उजवीकडे, म्हणजे मी डावीकडे. उजव्या वळणात गाडी आडवी झाली आणि थडथड आली माझ्या पायाखाली. सीटखाली नाही, पाठीला नाही, पायाखाली! भाऊला विचारलं, "स्टिअरिंगला जाणवतं का रे?" तर म्हणाला, "लेका, ड्रिफ्टमध्ये स्टिअरिंग हलणारच की! त्यात काय बघायचं?"

हा दुसरा पंथ. "असं होतंच". पहिला पंथ सगळं बदलतो, दुसरा काहीच बघत नाही. आणि गंमत बघा, एकच माणूस सकाळी पहिल्या पंथात असतो आणि दुपारी दुसऱ्या.

त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा पाना न उचलता डोकं वापरलं. आपल्या मराठीत यासाठी किती छान शब्द आहेत बघा. थडथड म्हणजे जी जवळजवळ मोजता येते. घरघर म्हणजे जी मोजता येत नाही, पण दाणे जाणवतात. गुणगुण म्हणजे जिचा सूर झालेला असतो. गाडीतली फिरणारी प्रत्येक वस्तू आपापल्या गतीने फिरते, आणि ती बिघडली की साधारण त्याच गतीने, किंवा तिच्या ठरावीक पटीत, हादरे देते. म्हणजे हादरे मोजले की वस्तू सापडते. यात जादू नाही, भागाकार आहे.

भाऊच्या टायरचा घेर साधारण १.९५ मीटर. त्या वळणात गाडी जमिनीवर ताशी ६० किलोमीटरने सरकत होती (हे जीपीएसवरून). म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. पुढचं चाक जमिनीच्याच वेगाने फिरतं, म्हणून सेकंदाला साडेआठ फेरे. मागची चाकं मात्र घसरत, जोरात फिरत असतात. स्पीडोमीटरला माप गिअरबॉक्सकडून मिळतं, म्हणून तो मागच्या चाकांचा वेग दाखवतो. त्याचा काटा ११० वर, म्हणजे मागचं चाक सेकंदाला साडेपंधरा-सोळा फेरे. प्रोपेलर शाफ्ट डिफरन्शियलमुळे त्याच्या सुमारे चौपट, म्हणजे साठच्या वर. इंजिन तिसऱ्या गिअरमध्ये मिनिटाला पाच हजार, म्हणजे सेकंदाला ८३ फेरे, आणि चार सिलिंडर असल्यामुळे स्फोट त्याच्या दुप्पट.

बघा, काय झालं! साध्या रस्त्यावर पुढची आणि मागची चाकं एकाच वेगाने फिरतात, त्यामुळे गोंधळ होतो. ड्रिफ्टमध्ये ती आपोआप वेगळी होतात. म्हणजे ज्या प्रकाराला आम्ही "यात काही कळत नाही, सगळंच हलतं" म्हणत होतो, तोच निदानाला सगळ्यात सोयीचा होता.

फोन टेपने डाव्या पायाजवळ तळाला चिकटवला. त्यातला अ‍ॅक्सेलरोमीटर वापरून हादऱ्यांचा आलेख काढणारी अ‍ॅप्स फुकट मिळतात. एक फेरी तिसऱ्या गिअरमध्ये मारली, एक दुसऱ्यामध्ये. एका फेरीत काटा ९० पर्यंत, दुसरीत ११० च्या पुढे. बाकी काही बदललं नाही. आलेखातला उंचवटा दरवेळी एकाच जागी आला: सेकंदाला आठ ते नऊ.

गिअर बदलला तरी हादरे तेवढेच, म्हणजे इंजिन सुटलं. काटा कुठेही असो, हादरे तेवढेच, म्हणजे मागची चाकं, शाफ्ट, डिफरन्शियल, सगळे निर्दोष. उरलं पुढचं चाक. उजव्या वळणात भार बाहेरच्या, म्हणजे डाव्या बाजूला जातो. पुढचं डावं चाक. एवढं सगळं ट्रॅकच्या कडेला बसून, चहाच्या कॅनवर. खर्च शून्य येन.

चाक काढलं. बाहेरून चकाचक. उलटं केलं, तर रिमच्या आतल्या बाजूला, एका स्पोकच्या मागे, बोटभर लांब तडा. दर फेऱ्याला तो तडा भाराखाली आला की रिम तिथे दबायचं, आणि तीच आमची थडथड. हायवेवर एवढा आडवा भारच पडत नाही, म्हणून तिथे शांत.

भाऊ खालीच बसला. थोड्या वेळाने म्हणाला, "म्हणून हवा कमी होत होती व्हय."

मी विचारलं, "कुठली हवा?"

तर गेला दीड महिना त्या एका टायरची हवा दर रविवारी कमी भरायची, आणि हा पठ्ठ्या भरून घ्यायचा. कोणाला बोलला नाही. का बोलेल? आम्ही कोणी विचारलंच नव्हतं! आम्ही चौघे-पाच जण दीड महिना सल्ले देत होतो. एकानेही "याच्याबरोबर आणखी काय बदललंय?" एवढा एक प्रश्न विचारला नाही.

आणि इथेच माझा खरा राग आहे, आधी स्वतःवर आणि मग सगळ्या पंथावर. लोक म्हणतात, काय बिघडलं, दोन पार्ट जास्त बदलले तर? पैसे त्याचे, गाडी त्याची. बिघडलं हे, की प्रत्येक नवा पार्ट आम्हाला महिन्याभराची खोटी शांतता देत होता. "शाफ्ट करून आणलाय, आता काही नाही." त्या भरवशावर तो आणखी जोरात वळणं घेत होता, आणि तडा वाढत होता. ते रिम भर वळणात सुटलं असतं तर गाडी कुठे गेली असती? त्या वळणाच्या बाहेर कुंपण आहे आणि कुंपणाला टेकून माणसं उभी असतात, पोराबाळांसकट. मी हे लिहितोय आणि ती जागा डोळ्यांसमोर येतेय.

दुसरा आक्षेप: "हे आकडे बिकडे तुम्हा इंजिनिअर लोकांचं, अनुभवी माणसाला हाताला कळतं." मान्य! पण अनुभवी माणूस काय करतो ते नीट बघितलंय का? आपल्याकडचा जुना मिस्त्री लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावून ऐकतो. एक जागा, दुसरी जागा, तिसरी. मध्येच "आता रेस दे" म्हणतो, "आता सोड" म्हणतो. म्हणजे एका वेळी एकच गोष्ट बदलतो आणि काय होतं ते ऐकतो. आम्ही फोनने केलं तेच हे, फक्त त्याला भागाकार लिहून काढावा लागत नाही. यादी पाठ म्हणणारा माणूस अनुभवी नसतो, त्याच्याकडे फक्त यादी असते.

तिसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो: "एवढा वेळ कोणाला आहे?" गॅरेजवाल्याला विचार करायचे पैसे कोणी देत नाही, पार्टचे देतात. दोन तास शोधून "तुमचा एक नट सैल होता" म्हणालात तर गिऱ्हाईक म्हणतं, "नटाचे एवढे पैसे?" तोच माणूस चार अनावश्यक पार्ट बिलावर दिसले की मुकाट्याने देतो, कारण वस्तू हातात मिळते. म्हणजे हा पंथ गॅरेजवाल्यांनी काढलेला नाही मंडळी, आपण पोसलेला आहे. शोधण्याची मजुरी द्यायची आपली तयारी नाही, म्हणून आपल्याला कोणी शोधून देत नाही.

असो. उपदेश फार झाला. माझं मागणं लहान आहे. पुढच्या वेळी कोणी म्हणालं की गाडी थरथरते, तर उत्तर देण्याआधी चार प्रश्न विचारा. कधी होते? अंगाला कुठे जाणवते? कशाबरोबर वाढते: गाडीच्या वेगाबरोबर, इंजिनच्या रेसबरोबर, की वळणातल्या भाराबरोबर? आणि हल्ली आणखी काय बदललंय? मग एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदललीत तर बरं कशाने वाटलं हे कधीच कळणार नाही. आणि न सापडता थांबली तर खूश होऊ नका. कारण कळलं नसेल तर ती गेलेली नाही.

ते रिम भाऊने टाकलेलं नाही. घरी दारामागे ठेवलंय, तड्याची बाजू बाहेर करून. कोणी "बॅलन्सिंग करून बघ" म्हणालं की तो काही बोलत नाही, दार लोटतो :)