फ्लॉपी गेली, बायोस राहिला

कांदिवली पूर्वेच्या आपल्या वस्त्यांत, दामू नगर असो, क्रांती नगर असो की पोयसर, आता बहुतेक गल्ल्यांत एखाद-दुसरा लॅपटॉप आहे. नवा कोरा क्वचितच. कुठल्या तरी कंपनीने ऑफिसातून काढलेल्या लॉटमधला, नाहीतर साहेबांच्या मुलाने वापरून सोडलेला. त्यावर मुलेमुली अभ्यास करतात, फॉर्म भरतात, टायपिंगचा सराव करतात. असा जुना लॅपटॉप अडला की दुकानदार एक शब्द तोंडावर फेकतो, "बायोस गेला." पुढे सांगतो, मदरबोर्ड बदला. घरचा माणूस गप्प बसतो, कारण बायोस म्हणजे काय हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. म्हणून या वेळी त्याविषयी लिहीत आहोत.

सकाळी ऑफिस कोण उघडतो? शिपाई. कुलूप काढतो, दिवे लावतो, पंखे चालू करतो, टेबले जागेवर आहेत का पाहतो. साहेब नंतर येतात. लॅपटॉपमध्ये विंडोज हा साहेब आणि बायोस हा शिपाई. बटण दाबताच तो आधी जागा होतो, मेमरी, कीबोर्ड, डिस्क तपासतो आणि मग विंडोजला बोलावतो. पंखा कधी फिरवायचा, बॅटरी कशी चार्ज करायची, यातही बऱ्याच लॅपटॉपमध्ये त्याचाच हात असतो. (साहेबापेक्षा शिपायाला ऑफिसची जास्त माहिती असते, हे नोकरीतल्या माणसाला सांगायला नको.) हा शिपाई हार्डडिस्कमध्ये राहत नाही. मदरबोर्डवरच्या नखाएवढ्या चिपमध्ये त्याचा मुक्काम असतो. त्यामुळे विंडोज पुसून नवी टाकली तरी बायोस तोच राहतो.

ही चिप पूर्वी कायमची लिहिलेली असे. पुढे पुन्हा लिहिता येणाऱ्या चिपा आल्या आणि कंपन्या बायोसच्या दुरुस्त आवृत्त्या देऊ लागल्या. त्या टाकायच्या कशा? फ्लॉपीने. साडेतीन इंचाची चौकोनी तबकडी, तिच्यात १.४४ एमबी मावे. आम्ही नोकरीला लागलो तेव्हा ऑफिसच्या खणात फ्लॉपींचा डबाच असे. आज मोबाईलमधला एक फोटोही तिच्यात बसणार नाही. अॅपलने १९९८ च्या आयमॅकमधून फ्लॉपीची खाच काढून टाकली, सोनीने २०११ मध्ये फ्लॉपी विकणे थांबवले. जपानसारख्या देशात मात्र सरकारी कामात फ्लॉपी मागणारे नियम २०२४ पर्यंत टिकून होते. लाल फीत काय फक्त आपल्याकडेच आहे?

आता आमच्या समोर घडलेली गोष्ट. क्रांती नगरातली एक मुलगी लिपिक-टंकलेखक पदाची तयारी करते. मराठी टायपिंग मिनिटाला ३० शब्द, इंग्रजी असेल तर ४०. हा वेग हातात बसवायला रोज तासभर तरी कीबोर्ड लागतो. तिची आई ठाकूर व्हिलेजमध्ये तीन घरची कामे करते. तिने पैसे साठवून २००८ सालचा एक लॅपटॉप घेतला. त्यात विंडोज पेलत नाही म्हणून कोणीतरी लिनक्स टाकून दिले होते. टायपिंगला तेवढे पुरे. पण वीस मिनिटे झाली की मशीन तापून बंद. पंखा साफ केला, पेस्ट बदलली, तरी तेच. पंखा सुरूच उशिरा होत होता. कंपनीच्या जुन्या यादीत पाहिले तर नेमकी ही खोड काढणारी बायोसची आवृत्ती होती. सोबतची सूचना अशी, कोरी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घाला. दुसरा मार्ग होता, पण तो विंडोजमधूनच चालणारा. लॅपटॉपला फ्लॉपी नाही आणि त्यात विंडोजही नाही.

आई म्हणाली, "भाऊ, काही उलटसुलट झाले तर दुसरा घ्यायची ऐपत नाही आमची." तिचे भय खोटे नव्हते. बायोस अर्धा लिहून वीज गेली तर शिपाईच नाहीसा होतो आणि ऑफिस उघडत नाही.

मार्ग असा निघाला. फ्रीडॉस नावाची फुकट मिळणारी जुन्या धाटणीची प्रणाली आहे, १९९४ पासून तिचे काम चालू आहे. रुफस नावाच्या छोट्या प्रोग्रॅमने ती पेनड्राइव्हवर टाकता येते. दुसऱ्या विंडोज संगणकावर रुफस उघडायचे, बूट सिलेक्शनमध्ये फ्रीडॉस निवडायचे आणि स्टार्ट म्हणायचे. पेनड्राइव्हवरचे सगळे पुसले जाते, तेव्हा लग्नाचे फोटो आधी दुसरीकडे ठेवा. मग त्यावर बायोसची फाईल आणि ती लिहिणारा कंपनीचा प्रोग्रॅम कॉपी करायचा. डॉसला आठ अक्षरांहून मोठे नाव समजत नाही, म्हणून फाईलचे नाव आखूड ठेवावे. लॅपटॉप पेनड्राइव्हवरून चालू केला की काळा पडदा येतो. तिथे प्रोग्रॅमचे नाव टाईप करून एंटर. फ्लॉपीचे काम पेनड्राइव्हने केले, लॅपटॉपला फरक कळलाही नाही.

ज्या जुन्या मशीनला पेनड्राइव्हवरून सुरू होताच येत नाही, तिथे सीडी चालते. १९९५ मध्ये ठरलेल्या एका पद्धतीनुसार सीडीच्या पोटात फ्लॉपीची नक्कल ठेवता येते आणि मशीन तिला फ्लॉपी समजूनच वाचते.

हे काम आम्ही त्या घरात केले नाही. गल्लीत दोन इस्त्र्या आणि एक मिक्सर एकदम लागला की एमसीबी पडतो. अभ्यासिकेत इन्व्हर्टर आहे, तिथे सकाळी लवकर बसलो. बॅटरी पूर्ण चार्ज, चार्जर लावलेला, झाकण उघडे. पट्टी पुढे सरकत होती तोवर मुलीने टेबलाजवळ कोणाला येऊ दिले नाही. "काका, हात नका लावू," असे आम्हालाही बजावले. चार मिनिटे लागली. मशीन आपणहून बंद होऊन चालू झाले. बायोसमध्ये जाऊन मूळ सेटिंग लावली, तारीख-वेळ घातली. आता पंखा वेळेवर फिरतो आणि सराव तासभर चालतो.

बायोस बिघडला म्हणजे काय होते हे जगाने २६ एप्रिल १९९९ रोजी पाहिले. तैवानच्या एका विद्यार्थ्याने लिहिलेला सीआयएच व्हायरस त्या दिवशी जागा झाला. त्याने डिस्कवरचा मजकूर तर पुसलाच, शिवाय अनेक मशीनच्या बायोस चिपमध्ये कचरा भरला. म्हणून फाईल फक्त लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीकडूनच घ्यावी आणि मॉडेल नंबर खालच्या स्टिकरशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावा. एका अक्षराच्या फरकाने मदरबोर्ड वेगळा असू शकतो.

समजा, काम फसलेच. तरी मदरबोर्डला हो म्हणू नका. एचपीच्या बऱ्याच मॉडेलमध्ये विंडोजची कळ आणि बी धरून पॉवर बटण दाबले की राखीव बायोस परत बसतो. इतर कंपन्यांतही अशा युक्त्या आहेत. त्यानेही जमले नाही तर ग्रँट रोड स्टेशनजवळ लॅमिंग्टन रोडला जा. तिथे चिपवर काम करणारे कारागीर बसतात. ते प्रोग्रॅमर लावून आठ पायांच्या चिपमध्ये बायोस पुन्हा लिहितात. दुकानात शिरताच "चिप प्रोग्रॅम करून द्याल का?" एवढेच विचारा. बदल्यात मदरबोर्ड सांगणारा असेल तर पुढचे दुकान गाठा.

नव्या लॅपटॉपला फ्लॉपीची कटकट नाही. बायोसची जागा आता यूईएफआयने घेतली आहे, तरी लोक त्याला बायोसच म्हणतात. डेलच्या बऱ्याच मशीनमध्ये पेनड्राइव्हवर फाईल ठेवून सुरू होताना एफ-१२ दाबले की बायोस फ्लॅश अपडेट हा पर्याय समोर येतो. विंडोजमधून करत असाल तर आधी बिटलॉकर तात्पुरते थांबवा, नाहीतर पुढच्या वेळी मशीन ४८ आकड्यांची किल्ली मागेल.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हापासून "विंडोज ११ हवी तर बायोस अपडेट करा" असे सांगून पैसे मागणारे वाढले आहेत. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागते. २०१८ नंतरच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये ती असतेच, फक्त बायोसच्या सेटिंगमध्ये बंद ठेवलेली असते. ती चालू करायला एक मिनिट लागते. आणि लॅपटॉप नुसता मंद असेल तर बायोसला हातच लावू नका. मेमरी वाढवा, जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी घाला.

आपल्या मशीनची आवृत्ती पाहायची असल्यास विंडोजच्या शोधपट्टीत सिस्टिम इन्फर्मेशन लिहावे. मॉडेल आणि बायोसची तारीख तिथे एकाखाली एक दिसते. दोन्ही कागदावर उतरवून रविवारी सकाळी अभ्यासिकेत यावे. येताना चार्जर विसरू नये.