अंगठा आखूड की फोन रुंद?

मोबाईलच्या प्रशिक्षणात हमखास एक शेरा कानी पडतो: "बायकांना यंत्रं जमत नाहीत." मैत्रिणींनो, चिडण्याआधी आपला अंगठा नीट पाहा. बाकी बोटांना तीन हाडं, अंगठ्याला दोनच. त्याची बरीचशी हालचाल मनगटाजवळच्या, खोगिराच्या घडणीच्या एका सांध्यावर चालते. त्याच हातात फोन धरला की अंगठा कमानीत फिरतो. वरचा कोपरा गाठायचा तर पकड ढिली करून फोन करंगळीवर तोलायचा. पडला की वेंधळ्या आपणच!

बाईचा हात सरासरीनं पुरुषापेक्षा लहान, हे काही गुपित नाही. तरी साडेतीन इंची पडद्यानं २००७ साली सुरुवात करणाऱ्या आयफोननं २०१४ मध्ये साडेपाच इंच गाठले. सोबत पडद्याचा वरचा भाग खाली ओढण्याची सोयही दिली. म्हणजे बोट पोचत नाही हे ठाऊक होतंच. लहान 'मिनी' २०२० आणि २०२१ अशी दोनच वर्षं निघाला. खप नाही म्हणे. घरात महागडा फोन कोणासाठी घेतला जातो, हे कोणी विचारलं?

२०१३ मध्ये इस्तंबूलच्या गेझी पार्क आंदोलनात समाजशास्त्रज्ञ झेनेप तुफेक्ची यांना एका हातानं फोटो काढता येईना. पुरुष सहकाऱ्यांना सहज जमत होतं.

"दोन हातांनी धरा की!" दुसरा हात आहे कुठे? कडेवर मूल, नाहीतर लोकलचा दांडा. अंगठ्याच्या मुळाशी कंडरांचं आवरण सुजतं, त्या दुखण्याला १८९५ मध्ये त्याचं वर्णन करणाऱ्या द कर्व्हेन या स्विस शल्यविशारदाचं नाव आहे. ते बायकांत अधिक आढळतं, विशेषतः बाळंतपणानंतर. त्यावर फोनचा ताण.

ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाईल परत केले. गाजली ती निकृष्ट फोनची आणि इंग्रजी ॲपची तक्रार. रास्तच होती. पण त्या फोनवर वजन-उंचीच्या नोंदी करणारा हात कुणाचा, हा प्रश्नही मी त्याच यादीत घालते. (ज्यांना काल अंगठेबहाद्दर म्हणून हसलात, त्यांचं काम आज अंगठ्यावरच चालतं!)

पुढच्या खरेदीत रॅम-बॅटरीसोबत फोनची रुंदीही निविदेत लिहा. ॲपमधली नेहमीची बटणं खाली घ्या. आणि पैसे मोजण्याआधी नमुना दहा सेविकांच्या एकेका हातात देऊन पाहा, साहेबांच्या नव्हे.