‘पॉश’ शिकवणाऱ्याला कोण शिकवणार?

इंटर्नशिप लागली की पहिल्या आठवड्यात एक ईमेल येतो. ‘पॉश ट्रेनिंग अनिवार्य. चाळीस मिनिटं. शेवटी क्विझ.’ पुढे काय होतं ते सांगायला नको. लॅपटॉपवर व्हिडिओ चालू, हातात मोबाइल, क्विझची उत्तरं ग्रुपवर. दहापैकी दहा, सर्टिफिकेट डाउनलोड, विषय संपला. कंपनीच्या फाइलमध्ये मात्र रीतसर नोंद होते, की प्रशिक्षण पार पडलं.

हे ‘पॉश’ म्हणजे ‘कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ (प्रतिबंध, मनाई आणि निवारण) अधिनियम, २०१३’. त्याची मुळं एसी ऑफिसात नाहीत. राजस्थानात सरकारी कार्यक्रमात ‘साथीन’ म्हणून काम करणाऱ्या भंवरीदेवींनी बालविवाह थांबवायचा प्रयत्न केला आणि १९९२मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. काम करताना बाईवर असा प्रसंग आला, तर तिला काम देणाऱ्याची जबाबदारी काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. त्यातून १९९७मध्ये ‘विशाखा’ मार्गदर्शक तत्त्वं आली आणि पुढे सोळा वर्षांनी कायदा.

हा कायदा तुम्हालाही लागू आहे. कर्मचाऱ्याच्या व्याख्येत ट्रेनी, अप्रेंटिस, अगदी बिनपगारी स्वयंसेवकही येतात. दहा किंवा त्याहून जास्त माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती हवी. तिची अध्यक्ष महिला, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या महिला सदस्य आणि एक सदस्य बाहेरची. कलम १९नुसार मालकाला दोन वेगवेगळी प्रशिक्षणं द्यावी लागतात: एक सगळ्या कर्मचाऱ्यांसाठी जागृतीचं, दुसरं समितीच्या सदस्यांसाठी.

आता गंमत बघा. प्रशिक्षण द्या, असं कायदा सांगतो. पण ते देणाऱ्याची पात्रता काय असावी, याबद्दल तो गप्प आहे. ना पदवीची अट, ना परवाना. त्यामुळे वकील हे काम करतात, स्त्री-संघटनांत वर्षानुवर्षं काम केलेल्या कार्यकर्त्या करतात, एचआरमधली मंडळी करतात आणि वीकेंडचा कोर्स करून ‘सर्टिफाइड ट्रेनर’ झालेलेही करतात. मागणी तर वाढणारच. जुलै २०२५पासून कंपन्यांना संचालक मंडळाच्या अहवालात किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या आणि किती नव्वद दिवसांहून जास्त काळ पडून आहेत, हे आकड्यांत सांगावं लागतं.

‘वाईट ट्रेनर मिळाला तर काय, एक तास फुकट गेला’ असं वाटत असेल, तर गोवा विद्यापीठाचं प्रकरण बघा. तिथे २००९मध्ये विद्यार्थिनींनी एका विभागप्रमुखाविरुद्ध तक्रारी केल्या. समितीने चौकशी केली, दोषी ठरवलं, त्यांची नोकरी गेली. पण मे २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द केली. आरोप खोटे ठरले म्हणून नव्हे. समितीने शेवटच्या सुनावण्या इतक्या घाईने उरकल्या, की त्या माणसाला बाजू मांडायची पुरेशी संधीच मिळाली नाही, म्हणून. चौकशी पुन्हा २००९च्याच टप्प्यापासून करा, असा आदेश निघाला. चौदा वर्षांनी! न्याय ना तक्रार करणाऱ्यांना मिळाला, ना ज्याच्याविरुद्ध तक्रार होती त्याला. त्याच निकालात न्यायालयाने समिती सदस्यांसाठी नियमित प्रशिक्षण घ्यायला आणि त्यासाठी अभ्यासक्रम तयार करायला सांगितलं.

आणि समिती नेमली म्हणजे तक्रार करणारी सुरक्षित झाली, असंही नाही. जुलै २०२५मध्ये ओडिशातल्या बालासोरच्या एका कॉलेजमध्ये विभागप्रमुखाविरुद्ध छळाची तक्रार केलेल्या विद्यार्थिनीने आवारातच टोकाचं पाऊल उचललं. दोन दिवसांनी तिचा मृत्यू झाला. तिची तक्रार कॉलेजच्या समितीपर्यंत पोहोचली होती. दोष कुणाचा, हे न्यायालय ठरवेल. पण तक्रारदार कोणत्या मानसिक अवस्थेत समोर बसली आहे, हे ओळखणं हाही समितीच्या कामाचा भाग आहे, आणि तो पीपीटी बघून येत नाही.

मग चांगल्या प्रशिक्षकाला काय यायला हवं? पहिलं म्हणजे कायदा, बारकाव्यांसकट. तक्रारीची मुदत तीन महिने, योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. चौकशी नव्वद दिवसांत. तोवर तक्रारदार बदली किंवा रजा मागू शकते. नावं बाहेर फोडायची नाहीत. सेशनमध्ये हमखास येणारा प्रश्न ‘खोट्या तक्रारींचं काय?’ आणि इथेच कच्चा ट्रेनर घसरतो. जाणूनबुजून खोटी तक्रार केली तर कारवाई होते, हे तो ठासून सांगतो. पण तक्रार सिद्ध झाली नाही म्हणजे ती खोटी ठरत नाही, हे कलम १४मध्येच लिहिलेलं वाक्य राहून जातं. ऐकणारी मुलगी घरी जाताना एवढंच घेऊन जाते, की गप्प बसलेलं बरं.

दुसरं, ‘नकोसं’ या शब्दाचा अर्थ. ‘मी तर मस्करी करत होतो’ हे उत्तर का चालत नाही, हे न ओरडता, न लाजवता समजावता यायला हवं. तिसरं, समोरचा वर्ग सांभाळणं. बोलता बोलता कुणी स्वतःचा अनुभव सांगू लागलं, तर ट्रेनरने न्यायाधीश व्हायचं नाही आणि चारचौघांत तिला खोदून विचारायचंही नाही. नंतर एकटीशी बोलून समितीचा रस्ता दाखवायचा. आणि भाषा! हॉस्पिटलमधल्या आया किंवा कारखान्यातल्या कंत्राटी कामगार बायकांपुढे इंग्रजी स्लाइड लावून काय साधणार? ज्यांच्या कामाच्या जागी समितीच नाही, त्या घरकामगार बायकांना जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं, हे त्यांच्या भाषेत सांगणारं कुणीतरी हवंच.

अमेरिकेत हे प्रशिक्षण आपल्या आधीपासून चालू आहे. तिथल्या समान रोजगार संधी आयोगाच्या अभ्यासगटाने २०१६मध्ये मान्य केलं, की कंपनीला खटल्यापासून वाचवण्यावर भर देणाऱ्या प्रशिक्षणाने छळ फारसा थांबत नाही. त्यापेक्षा बघणाऱ्यांनी मध्ये कसं पडायचं आणि रोज एकमेकांशी नीट कसं वागायचं, हे शिकवून पाहा, असं त्यांनी सुचवलं. ‘हे करू नका’ची यादी वाचून दाखवणं सोपं असतं. सिनिअरने टेबलावर घाणेरडा जोक मारला तेव्हा शेजारी बसलेल्याने काय म्हणायचं, याचा सराव करून घेणं अवघड. तेच शिकवायला माणूस तयार झालेला लागतो.

लॉ, सोशल वर्क, सायकॉलॉजी किंवा एचआर शिकणाऱ्यांसाठी हे करिअर आहे आणि चांगलं आहे. फक्त सुरुवात सर्टिफिकेटपासून करू नका. आधी एखाद्या महिला संघटनेत किंवा समितीवर काम केलेल्या वकिलाच्या हाताखाली काढा वर्ष-दोन वर्षं. चौकशी कशी चालते हे कळल्याशिवाय ती इतरांना शिकवता येत नाही.

आणि ज्यांना यात करिअर करायचं नाही, त्यांनीही एक काम करा. यूजीसीच्या २०१६च्या नियमांनुसार प्रत्येक कॉलेजात अंतर्गत समिती हवी. प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर तिच्यात निवडून आलेले तीन विद्यार्थी प्रतिनिधीही हवेत. नोटीस बोर्डवर ही नावं आहेत का, बघा. असतील तर ऑफिसात जाऊन विचारा, की या सदस्यांना प्रशिक्षण कधी मिळालं, आणि कुणी दिलं?